सदर इसमास सहकार्य करावे

माझ्या भाच्याचं लग्न जमत नाही, याला कारण त्याचा धंदा. मुलगा इंजिनीअर आहे, पुण्यात स्वतःचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, सुपारीसुद्धा खात नाही. पण मुलीकडच्यांनी विचारलं की, "काय करता आपण?" की हा सरळ सांगतो, "लोकांच्या कंपन्यांत घुसतो."

पुढचे कांदेपोहे मग मुकाट्यानं खाल्ले जातात.

ताईनं एकदा सावरून घ्यायचं म्हणून "सिक्युरिटीत आहे" असं सांगून पाहिलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "दिवसपाळी की रातपाळी?" तेही स्थळ गेलं.

खरं तर धंदा सरळ आहे. कंपनीचा मालक ह्यांना पैसे देतो आणि म्हणतो, आमच्या कंपनीत चोरी करून दाखवा. हे भिंतीवरून, गेटमधून, जमेल तसे आत शिरतात, कुठे कुठे पोहोचलो त्याचे फोटो काढतात आणि शेवटी मालकाला चाळीस पानांचा अहवाल देतात. चोर आणि भाचा यांच्यात फरक फक्त एका कागदाचा. मालकाच्या सहीचं एक पत्र त्याच्या खिशात असतं. पकडला गेला की पत्र दाखवायचं आणि सुटायचं.

"आणि पत्र दाखवूनही नाही सोडलं तर?" मी विचारलं.

त्यावर त्यानं अमेरिकेतली गोष्ट सांगितली. २०१९ च्या सप्टेंबरात आयोवा राज्यात दोघं जण असेच मध्यरात्री एका कोर्टाच्या इमारतीत शिरले. राज्याच्या न्यायखात्यानंच त्यांना नेमलं होतं. भोंगा वाजला, तरी बिचारे पळाले नाहीत, पोलिसांची वाट पाहत थांबले. पोलीस आले, पत्र वाचलं, फोन केले, त्यांची खात्री पटली. मग आले शेरीफसाहेब. त्यांचं म्हणणं, इमारत आमच्या काउंटीची, राज्याला परवानगी द्यायचा अधिकारच काय? दोघांची रवानगी कोठडीत. खटला मागे घ्यायला २०२० चा जानेवारी उजाडला.

मला तर ही गोष्ट ऐकून फार बरं वाटलं. हद्द कोणाची यावरून भांडणारी दोन खाती तिकडेही आहेत म्हणायची.

आता माझ्याबद्दल. हिची नोकरी वीज केंद्रात, म्हणून आमचं क्वार्टर ऊर्जानगरात. मी चंद्रपूरच्या एमआयडीसीत एका खाजगी कंपनीत एकोणीस वर्षं कारकुनी करतो आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. का ते पुढे कळेलच. मालकांना आम्ही शेठ म्हणतो. शेठना सुरक्षेचा भारी सोस. आठ फुटांची भिंत, तिच्यावर काचा, काचांवर काटेरी तार, सोळा कॅमेरे आणि गेटवर लाल रजिस्टर. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी भाच्याच्या धंद्याबद्दल सहज बोलून गेलो. तिथेच चुकलं.

शेठचे डोळे चमकले. "बोलवा त्याले. आपल्याकडं माशी शिरू शकत नाही. लेखी होऊन जाऊ द्या एकदाचं."

भाचा आला तो मे महिन्यात. चंद्रपूरच्या मे महिन्यात पाहुणा आला म्हणजे एकतर तो फार जवळचा असतो किंवा त्याला कोणी सांगितलेलं नसतं. पारा शेहेचाळीसवर होता. शेठ आणि तो यांची बैठक झाली, तीत शेठनं तीन प्रश्न विचारले. काच फुटली तर पैसे कोणाचे? चोरी जमली नाही तर फी परत का? आणि जीएसटी धरून का वेगळा?

पत्राचा मसुदा करायचं काम माझ्याकडे आलं. एकोणीस वर्षं मी पत्रं लिहितो आहे, पण चोराला द्यायचं पत्र कधी लिहिलं नव्हतं. "उपरोक्त विषयान्वये" इथपर्यंत हात सराईतपणे गेला, मग अडलो. शेवटी असं जमलं: "सदर पत्रधारक इसम हा कंपनीच्या संमतीने कंपनीच्या आवारात चोरी करीत असून, आढळून आल्यास त्यास अटकाव न करता सहकार्य करावे." इसमाचं नाव टाकू नका, असं भाचाच म्हणाला. गुप्तता म्हणे. शेठनं तीनदा वाचलं, "सहकार्य" शब्दावर जरा थबकले, मग सही करून शिक्का मारला.

ही पद्धत विलायतेची आहे, असं भाचा जेवताना सांगत होता, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, अरे, तुझ्या धंद्याचे मूळपुरुष इथले. रायगड बांधून झाला तेव्हा शिवाजी महाराजांनी दवंडी पिटवली अशी कथा आहे. जो कोणी दरवाजा सोडून दुसऱ्या वाटेनं, दोर-शिडीवाचून गडावर चढेल, त्याला सोन्यानाण्याची थैली आणि सोन्याचं कडं. एक महार गडी निशाण घेऊन कडा चढून वर आला. महाराजांनी थैली दिली, कडं दिलं आणि ती वाट बंद करून टाकली. हिरकणीची कथा तर शाळेतली पोरंही सांगतात. बाई घरच्या तान्ह्या लेकरासाठी रात्रीची कडा उतरून गेली, तर तिला साडीचोळी आणि त्या जागी बुरूज. चाळीस पानांचा अहवाल कोणी मागितला नाही.

"आणि आपल्या चंद्रपुरातच बघ," मी पुढे रेटलं. "गोंडराजांच्या परकोटाला चार दरवाजे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर. आणि पाच खिडक्या. त्यातल्या एकीचं नाव काय आहे माहीत आहे? चोर खिडकी."

"म्हणजे चोरांसाठी वेगळी सोय?"

"नावच तसं आहे बुवा. इतकी मोकळेपणाची सुरक्षा व्यवस्था पुण्यात आहे का?"

भाचा निरुत्तर झाला. पुण्याचा माणूस निरुत्तर झाला की मी ती तारीख लिहून ठेवतो.

त्याचा बेत रात्रीचा होता. काळे कपडे, मागची भिंत, दोर, वगैरे. आधी सराव म्हणून जेवल्यावर कॉलनीतून एक फेरी मारून येतो म्हणाला. दारातच शेजारच्या काकू भेटल्या.

"कुठी चालला रे बापू एवढ्या रातचा?"

"इथेच, जरा भिंतीकडे."

"नको जाऊ. दोन दिवसापासून तिकडं पट्टेवाला फिरून राहिला."

भाच्याला वाटलं, ऑफिसचा शिपाई असेल. "असू द्या काकू, मी त्याला पत्र दाखवतो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी भाच्याला दंडाला धरून आत आणलं आणि दाराला कडी घातली. मग त्याला सगळं समजावून सांगितलं. पुण्यात पट्टेवाला म्हणजे कमरेला पट्टा असलेला, ऊर्जानगरात म्हणजे अंगावर. २९२० मेगावॉटचं वीज केंद्र, एका अंगाला कोळशाच्या खाणी, इरई धरणाचं पाणी, वाढलेली झुडपं आणि वरच्या अंगाला ताडोबा. वाघ, बिबट्या, अस्वल, रानडुक्कर, सगळ्यांची ये-जा आहे. यांच्यापैकी कोणी आजवर रजिस्टरवर सही केलेली नाही, की कोणाच्या गळ्यात कार्ड पाहिलेलं नाही. भिंतीचं भोक शोधायला यांना चाळीस हजार फी लागत नाही. आमच्याकडे संध्याकाळी फिरायला निघालेली माणसं हातात काठी आणि मोबाइलवर मोठ्यानं भजन लावून चालतात. त्यात भक्ती कमी आणि सूचना जास्त. २०२२ सालच्या फेब्रुवारीत इथे माणसं गेली आहेत, त्यामुळे यावर आम्ही विनोद करतो तोही आवाज खाली ठेवून.

भाचा गप्प झाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मामा, दिवसा केलं तर?"

असा तो रात्रीचा बेत दिवसावर आला. या भागात घरफोड्या कमी होत असतील तर त्याचं श्रेय कोणाला द्यावं, याचा विचार व्हायला हवा.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा अंथरूण रिकामं. भाचा पहाटेच निघून गेला होता. आणि टेबलावर, पाण्याच्या तांब्याखाली, शेठच्या सहीशिक्क्याचं पत्र तसंच पडलेलं.

माझ्या पोटात गोळा आला. पत्राशिवाय भाचा म्हणजे निव्वळ चोर. ताईला काय तोंड दाखवू? पत्र खिशात कोंबलं, आंघोळ अर्धी, नाश्ता नाही, स्कूटरला किक मारली ती थेट कंपनीच्या गेटवर. या गडबडीत माझं ओळखपत्र घरीच खुंटीला राहिलं.

गेटवरचा भाऊ मला एकोणीस वर्षं ओळखतो. माझ्या मुलीच्या बारशाला आला होता. त्यानं काठी आडवी केली.

"कार्ड?"

"अरे, घरी राहिलं. सोड, घाई आहे."

"घाई कायची जी?"

आता यावर खरं सांगता येईना आणि खोटं सुचेना. घाम फुटला. "आत... आत माझा भाचा आहे."

भाऊनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्यानं आजवर कधी पाहिलं नव्हतं. झालं होतं असं की, शेठनं लेखी गुप्तता पाळली होती, पण तोंडी नाही. कंपनीची अब्रू जाऊ नये म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी भाऊला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "उद्या एक माणूस चोरी करायले येनार आहे. घाबरलेला असंल, काहीबाही कारणं सांगंल. पकडला तर पाचशे रुपये."

घाबरलेला आणि काहीबाही सांगणारा माणूस सकाळपासून एकच आला होता.

"बसा जी केबिनमधी," भाऊ म्हणाला. आवाज प्रेमळ होता, पण काठी काढली नाही.

केबिनमध्ये पंखा होता, तो गरम हवा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेऊन टाकत होता. समोर ते लाल रजिस्टर. भाऊ खर्रा घोटायला बसला. पन्नीत सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, आणि वरून तळहाताचा तो संथ मालीश. खर्रा घोटणारा माणूस जगातलं कोणतंही रहस्य वाट पाहून काढून घेऊ शकतो. मी नजर चुकवायला म्हणून रजिस्टर पाहू लागलो. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांची नोंद भाच्याच्या सुवाच्य अक्षरात होती. कोठून आले: पुणे. कोणास भेटायचे: कोणासही नाही. भेटीचे कारण: चोरी.

त्याखाली भाऊची सही, वेळेसकट.

आणि त्याखाली आणखी तिघांच्या नोंदी. कारणाच्या रकान्यात तिघांनीही, वरच्यासारखंच म्हणून, दोन-दोन टिंबं दिली होती. त्यातले एक बँकेचे मॅनेजर होते आणि एक शेठचे सासरे.

"भाऊ, हे वाचलंस का?"

"वाचाचं काय त्यात? सही झाली ना."

"अरे, पण हा माणूस आत काय करून राहिला?"

"तो? कूलरवाला हाये तो," भाऊ म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर श्रद्धा पसरली.

इथे भाच्याची हुशारी मान्य करायला हवी. पुण्यात म्हणे तो डोक्यावर हेल्मेट, हातात शिडी घेऊन शिरतो. शिडीवाल्याला कोणी अडवत नाही. पण आदल्या दिवसभरात त्यानं आमचं हवामान ओळखलं. खांद्यावर कूलरच्या दोन ताट्या, हातात एक पाण्याचा पंप. गेटवर एवढंच म्हणाला, "कूलर पाहायला आलो." मे महिन्याच्या चंद्रपुरात या तीन शब्दांनी कोणताही किल्ला पडेल. इंग्रजांना १८१८ साली चांद्याच्या तटाला तोफा लावाव्या लागल्या. तेही मे महिन्यातच. कूलर असते तर दारूगोळा वाचला असता.

केबिनच्या खिडकीतून मला अंगण दिसत होतं. मी दोन तास पाहिलं, म्हणून सांगतो. भाचा चोरी करायच्या खटपटीत होता आणि लोक त्याला करू देत नव्हते. भांडारवाले म्हणत, आधी आमच्याकडे. हिशेबवाले म्हणत, मागच्या वर्षीपण तुमचंच आधी झालं. दोघांनी त्याच्या दोन बाह्या धरल्या होत्या. मग कॅन्टीनच्या मावशीनं येऊन निकाल दिला की पोराला आधी खाऊ द्या, आणि त्याला तर्रीपोह्यांची बशी दिली. मी उपाशी, केबिनमध्ये.

पुढचं मला नंतर कळलं. रोखपालाच्या खोलीत कोणाला पाऊल टाकायची परवानगी नाही. स्वतः शेठ दारावर टकटक करतात. रोखपालांनी भाच्याला हातानं ओढून नेलं, कालनिर्णयामागची किल्ली काढून आतली खोली उघडून दिली, आणि "निवांत करा, मी बाहेर बसतो, आत लय उकडते" असं म्हणून दार लोटून घेतलं. भाच्यानं तिजोरीशेजारी उभं राहून फोटो काढले. बाहेर निघताना त्यानं टेबलावरचा संगणक उचलला.

"हा कुठी नेता?"

"याच्यामुळेच खोली तापते."

"मी पण तेच म्हणत होतो कवापासून," रोखपाल म्हणाले. "घेऊन जा बापा."

अशा रीतीनं माझ्या डोळ्यांदेखत भाचा आमच्या कंपनीचा सगळा हिशेब काखेत मारून गेटकडे आला. मला केबिनमध्ये पाहून दचकला, पण कसलेला माणूस, चेहरा हलू दिला नाही. भाऊनं गेट उघडलं. एका हातानं संगणकाला आधारही दिला.

"भाऊ!" मी ओरडलो. "तो चोर आहे! पकड त्याला!"

"थांबा जी," भाऊ मला म्हणाला. "सज्जन मानसावर आळ नका घेऊ." मग भाच्याला म्हणाला, "घरचा कूलर पाहून देता का, साहेब? पंप आवाज करते."

भाच्यानं नंबर दिला आणि निघून गेला.

आता मात्र माझा संयम सुटला. म्हटलं, कागद दाखवतोच. खिशातून शेठचं पत्र काढलं आणि भाऊच्या नाकासमोर धरलं. "वाच! मोठ्यानं वाच!"

भाऊनं खर्रा गालात सरकवला आणि अक्षर अक्षर लावत वाचलं. "सदर... पत्रधारक... इसम हा... कंपनीच्या संमतीने... चोरी करीत असून..."

तो थांबला. पत्राकडे पाहिलं. पत्र धरलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं.

"मंजे तुमीच!"

सांगायचं तात्पर्य, असा मसुदा करताना इसमाचं नाव टाकत जावं. भाचे काहीही म्हणोत.

शेठ खाली आले तेव्हा गर्दी जमली होती. भाऊनं मला दंडाला धरून पुढे केलं. शेठला खरं काय ते दिसत होतं, पण एवढ्या लोकांसमोर आपला पहारेकरी यशस्वी झालेला पाहण्याचा मोह त्यांना आवरला नाही. त्यांनी तिथल्या तिथे पाचशेची नोट काढून दिली. फोटो झाला. फोटोत भाऊ हसतो आहे, शेठ हसताहेत आणि मधला मी आहे.

अहवाल आठ दिवसांनी आला. चाळीस पानं, इंग्रजीत, सत्तावीस त्रुटी. शेठनं दोन पानं वाचली, बाकीची माझ्याकडून सारांश करून घेतली. मग बैठक झाली. बैठकीत ठराव झाले ते असे. भिंतीची उंची एक फुटानं वाढवावी. कॅमेरे सोळाचे चोवीस करावेत. कर्मचाऱ्यांनी ओळखपत्र विसरल्यास अर्ध्या दिवसाचा पगार कापावा, आणि हा ठराव मागील महिन्यापासून लागू करावा. शेवटी भांडारवाल्यांनी हात वर केला. मला वाटलं, एक तरी माणूस मुद्द्यावर येतो आहे.

"तो कूलरवाला पोरगा परत कधी येनार आहे?" त्यांनी विचारलं. "हिशेबवाल्यांचा केला, आमचा राहिला."

हिशेबवाल्यांचा कूलर भाच्यानं खरंच दुरुस्त केला होता. दुसरा इलाजच ठेवला नव्हता त्यांनी.

भिंतीच्या उंचीवरून आठवलं. आमच्या जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती. एका अंगाला वर्धा, एका अंगाला गडचिरोली, दोन्ही कोरडे. पण वर्धा नदी ओलांडली की वणी. सहा वर्षं नाके होते, तपासण्या होत्या, गाड्यांच्या डिक्क्या उघडल्या जात होत्या. माझ्या स्कूटरची डिक्की तर इतक्यांदा उघडली की तिचं कुलूप सैल झालं. त्या काळात लग्नाच्या वराती कोरड्याच निघत होत्या, असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं खुशाल म्हणावं.

राहिला प्रश्न संगणकाचा. तिसऱ्या दिवशी मी आणि भाचा तो परत करायला गेलो. दोघांच्याही गळ्यात या खेपेस कार्ड होतं. भाऊनं काठी आडवी केली.

"मशीन आत न्याले चलान लागते जी."

"अरे, ही इथलीच आहे!"

"असंल. भायेर नेताना नाही लागत. आत न्याले लागते. नियम हाये."

चलान भांडारातून मिळतं. भांडारवाले म्हणाले, आमच्या वहीत ही वस्तू बाहेर गेल्याची नोंद नाही, म्हणजे ती आतच आहे. आत असलेली वस्तू परत आत कशी घेऊ? रोखपालांकडे गेलो, तर ते नव्या संगणकाच्या मागणीअर्जावर सही करत होते. मंजुरीही आली होती. शेठनं माझ्याकडे पाहून एवढंच म्हटलं, "राहू द्या तुमच्याकडं सध्या. जपून ठेवा."

तेव्हापासून आमच्या कंपनीचा १९ वर्षांचा हिशेब ऊर्जानगरात, आमच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी टेबलावर आहे. हिनं त्यावर क्रोशाचा रुमाल घातला आहे. काकू आल्या की विचारतात, "नवीन घेतला का?" आम्ही हो म्हणतो.

भाचा पुण्याला गेला. परवा त्याचा फोन होता, एक स्थळ जमतंय म्हणून. मुलीकडच्यांना ताईनं या वेळी कूलरचा व्यवसाय आहे असं सांगितलं. लगेच होकार आला. मुलगी चंद्रपूरची आहे.

आणि मला आता गेटवर कोणी अडवत नाही. पत्राची झेरॉक्स भाऊनं केबिनमध्ये गणपतीच्या फोटोखाली चिकटवली आहे, तिच्या बाजूला आमचा तो फोटो. मागच्या सोमवारी कार्ड पुन्हा घरी राहिलं. मी आपणहून गेटबाहेर थांबलो, खिसे चाचपले, परत जावं की काय असा विचार करू लागलो.

"या, या," भाऊनं गेट सताड उघडलं. "तुमाले तं परमिशनच हाये!"